कर्करोगग्रस्त बालक आणि आई-वडिलांचा हात

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णसेवेवरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर रुग्णवाहिका, रक्तदान शिबिर, औषधपेढी, डायलिसिसचे यंत्र अशा गोष्टी उभ्या राहतात. त्या आवश्यकच आहेत आणि समाजाने त्यांसाठी आजवर सढळ हाताने दिले आहे. आजचा विषय मात्र असा आहे की त्यासाठी देणगीची पावती फाडावी लागत नाही. वाटीभर खोबरेल तेल, आईचे किंवा वडिलांचे दोन हात आणि दहा-पंधरा मिनिटांचा निवांतपणा, एवढेच त्याचे भांडवल. कर्करोगाने आजारी असलेल्या मुलाला त्याच्या आई-वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेले हलके मालिश त्याच्या मनाला काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे. या दोन भागांपैकी दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर मुलाच्या जिवावर बेतते, म्हणून तो भागही तितक्याच मोकळेपणाने मांडणे क्रमप्राप्त आहे.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात एक गाठ होते. मॅक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९९ साली तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तिला विल्म्स ट्यूमर हे नाव पडले. बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना ती होते. पुष्कळदा मूल खेळत-बागडत असते, जेवत असते, त्याची काही तक्रारही नसते. त्यामुळे ही गाठ अनेकदा डॉक्टरांच्या आधी घरातच सापडते. आई मुलाला न्हाऊ घालत असते, तेल लावत असते किंवा अंगावरचे कपडे बदलत असते, आणि पोटावरून फिरणाऱ्या तिच्या हाताला काहीतरी टणक लागते. आपल्या मुलाचे पोट कसे लागते हे ज्या हाताला रोजच्या सवयीने ठाऊक असते, त्या हाताची ही साक्ष असते. त्यानंतर रुग्णालयात गेल्यावर आईला पहिली सूचना मिळते ती अशी, की पोटाला हात लावू नका, दाबू तर मुळीच नका, गाठ फुटण्याचा धोका आहे. सूचना शंभर टक्के योग्य आहे. परंतु ज्या हाताने रोग ओळखला त्याच हाताला त्या दिवसापासून मनाई होते, ही गोष्ट त्या आईच्या मनावर काय करत असेल याचा विचार सहसा कोणी करत नाही.

पुढे उपचार सुरू होतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, ज्याला आपण ल्युकेमिया म्हणतो. त्यातील मुलांना बहुधा होणाऱ्या प्रकाराचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. वारंवार रक्ततपासणी, शिरेत सुई, पाठीच्या कण्यात सुई घालून सोडलेले औषध, हाडात सुई घालून काढलेला मज्जेचा नमुना, हा त्या मुलाचा नित्यक्रम होतो. स्टिरॉईडने तोंड सुजते, अवेळी भूक लागते, स्वभाव चिडचिडा होतो. केस गळतात. व्हिन्क्रिस्टिन नावाचे एक औषध दिले जाते. आपल्या अंगणात बारा महिने फुलणाऱ्या सदाफुलीपासून ते मिळते. पेशी मारण्याचे काम ते चोख करते, पण त्याने मज्जातंतूंवर परिणाम होऊन पायांना मुंग्या येतात, पाय दुखतात, कधी चाल अडखळते.

या काळात त्या मुलाच्या शरीराला दिवसभरात कितीतरी हात लागतात. रक्त घेणारा हात, सलाईन लावणारा हात, पोट तपासणारा हात, पट्टी उपटणारा हात. त्यातील प्रत्येक हात त्याच्या भल्यासाठीच असतो, परंतु चार वर्षांच्या जिवाला एवढेच कळते की अंगाला कोणी हात लावला की दुखते. याहून अवघड गोष्ट पुढे आहे. सुई टोचताना मूल हलू नये म्हणून त्याला घट्ट धरावे लागते, आणि वॉर्डात हे काम बहुधा आईकडे किंवा वडिलांकडे येते. मूल किंचाळत असते, ज्यांच्याकडे धाव घ्यायची त्यांनीच आपले हातपाय दाबून ठेवले आहेत हे पाहत असते. आई तोंडाने "झालं हं राजा, झालंच आता" म्हणत असते आणि हाताने त्याला जखडत असते. या प्रसंगानंतर आईचा हात मुलाला पूर्वीचाच वाटतो काय, आणि आईला तरी तो स्वतःचा वाटतो काय, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. मालिशाकडे पाहावयाचे ते या बाजूने.

स्पर्श ही मुलाची केवळ हौस आहे, भूक आणि औषध एवढेच खरे, असे मानणारा काळ फार दूरचा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील पुष्कळ रुग्णालयांत आजारी मुलाला भेटावयास आई-वडिलांना आठवड्यातून थोडाच वेळ सोडत. आई आली की मूल रडते, गेल्यावर पुन्हा रडते, म्हणून तिने न आलेलेच बरे, असा शिस्तीचा हिशेब होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील दिवसांचा चित्रपट दाखवला, तेव्हा शांत झालेले मूल हे बरे झालेले मूल नसून आशा सोडलेले मूल असू शकते, हे हळूहळू मान्य होऊ लागले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आई-वडिलांना मोकळेपणाने येऊ द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडे आई पहिल्यापासूनच मुलाच्या खाटेपाशी बसत आली. मानसशास्त्र वाचून आपण ही सोय केली असे नव्हे. सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिका अपुऱ्या, म्हणून नातेवाइकावाचून चालत नाही, हे त्याचे मोठे कारण. कारण काही असो, आई जवळ आहे ही आपली जमेची बाजू आहे, आणि ती जवळ असून तिच्या हातांना करण्याजोगे काही नाही ही उणेची बाजू.

त्याच दशकात, १९५८ साली, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवरील आपले निष्कर्ष मांडले. पिलांना जन्मतःच आईपासून तोडून त्यांच्यापुढे दोन कृत्रिम आया ठेवल्या होत्या, एक नुसत्या तारेची आणि दुसरी मऊ टॉवेलच्या कापडाने मढवलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिले दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला दिवस कापडाच्या आईला बिलगून काढत. मुक्या जिवांना अशा रीतीने मातृहीन करून मिळवलेल्या ज्ञानाचे समर्थन अहिंसेचा विचार करणाऱ्या कोणालाही करता येणार नाही, आणि जे कोणत्याही आईला विचारले असते तरी कळले असते त्यासाठी एवढी निष्ठुरता कशाला, हा प्रश्न उरतोच. तरीही निष्कर्ष खोटा नाही. पोट भरणारी वस्तू आणि धीर देणारी वस्तू एकच असते असे नाही, आणि जिवाला दोन्ही लागतात. कापडाचा व्यवहार ज्यांच्या घरात आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी ठाणावरून हात फिरवते. डोळ्यांनी जे ठरत नाही ते बोटांना कळते.

बोटांना आणि कातडीला हे कसे कळते याचाही शोध पुढे लागला. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी त्वचेतील एका विशिष्ट प्रकारच्या सूक्ष्म मज्जातंतूंचा अभ्यास केला. टोचणे, चटका, दाब यांची वर्दी देणाऱ्या तंतूंहून हे वेगळे. हळुवार फिरणाऱ्या हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. हाताची गती सेकंदाला सुमारे एक ते दहा सेंटिमीटर असावी. त्याहून घाईने फिरवलेला हात या तंतूंच्या फारसा जमेस धरला जात नाही. म्हणजे तलम मलमलीची घडी हाताने सारखी करावी तितक्या सावकाशीने हात फिरला पाहिजे. कोणत्याही आजीला हे मोजमाप ठाऊक नव्हते आणि कोणत्याही आजीचा हात त्याहून वेगाने फिरत नव्हता.

महाराष्ट्रात तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आई किंवा न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, मुलाला आपल्या पायांवर आधी उताणे आणि मग पालथे घेते, तेल जिरवते, मग कढत पाणी. बाळंतिणीच्या सव्वा महिन्यात घराघरांतून हे चाले, अजूनही पुष्कळ घरांत चालते. फ्रेडरिक लबोये नावाच्या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी कलकत्त्यात शांतला नावाच्या एका मातेला असेच जमिनीवर बसून, मुलाला पायांवर घेऊन तेल लावताना पाहिले आणि तिच्याच नावाने १९७६ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर युरोप-अमेरिकेत बालमालिशाचे रीतसर वर्ग सुरू झाले. आपल्या अंगणातील वस्तू परदेशी शिक्का मारून परत आली की आपण तिला मान देतो, हा आपला जुनाच स्वभाव.

मायामी विद्यापीठात १९९२ साली डॉ. टिफनी फील्ड यांनी स्पर्शाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. तत्पूर्वी १९८६ मध्ये त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या अर्भकांना दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे, असा दहा दिवस मालिशाचा लाभ मिळाला त्यांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. मुंबईतील डॉक्टरांनीही खोबरेल तेलाच्या मालिशाचा नवजात अर्भकांवरील अभ्यास २००५ साली 'इंडियन पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात मांडला. आपल्या विषयाशी थेट निगडित अभ्यास २००१ चा आहे. ल्युकेमिया झालेल्या वीस मुलांपैकी काहींना त्यांच्या आई-वडिलांनी महिनाभर रोज मालिश केले. महिन्याअखेर त्या आई-वडिलांची खिन्नता कमी झालेली आढळली आणि मुलांच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येतही वाढ दिसली.

येथे थोडे थांबले पाहिजे. वीस हा आकडा लहान आहे. एवढ्यावरून मालिशाने रक्त सुधारते असे विधान करणे म्हणजे एका दिवसाच्या विक्रीवरून वर्षाचा ताळेबंद मांडण्यासारखे आहे. पुढे २००९ साली अमेरिकेत जॅनिस पोस्ट-व्हाइट आणि सहकाऱ्यांनी केमोथेरपी चालू असलेल्या मुलांचा अभ्यास मांडला. तेथे प्रशिक्षित व्यक्तीने केलेले मालिश आणि नुसता शांत बसण्याचा वेळ यांची तुलना होती. मालिशाने मुलांची नाडी शांत झाली, चौदा वर्षांखालील मुलांची घालमेल कमी झाली, आई-वडिलांचीही कमी झाली. दुखणे, मळमळ आणि थकवा यांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. २०१० साली तर चार केंद्रांवरील १७१ मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मुले मज्जा-प्रत्यारोपणासारख्या कठीण उपचारातून जात होती. तेथे मालिश मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत मोजता येईल असा फरक दिसला नाही.

हे सर्व आकडे श्रोत्यांपुढे ठेवण्याचे कारण असे, की ज्या वस्तूची आपण शिफारस करतो तिच्यातील दोष ग्राहकाला आधी दाखवावा. मालिश रोग बरा करत नाही. पेशी वाढवण्याचा तो खात्रीचा मार्ग नाही. मूल आणि आई-वडील यांच्या मनाची घालमेल उतरते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते, आणि तेही प्रत्येक वेळी मोजपट्टीत सापडत नाही. परंतु आईच्या मांडीवर झोप लागल्याची नोंद कोणत्या मोजपट्टीवर होते?

आता त्या दुसऱ्या भागाकडे वळू. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने निवर्तल्या. त्या काळी या रोगावर औषधच नव्हते. पैसा, मानमरातब, परदेशातील उपचार, कशाचाही उपयोग झाला नाही. त्यांच्या स्मृतीशी ज्याची प्रेरणा जोडलेली आहे ते टाटा मेमोरियल रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांमध्ये औषधाने रोग मागे हटल्याचे प्रथम दाखवले. ते तात्पुरते होते, पण दार उघडले. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना व किशोरांना हा रोग होतो. या दरीचे एक मोठे कारण म्हणजे रोग उशिरा कळणे आणि दुसरे म्हणजे उपचार अर्धवट सोडणे.

उपचार अर्धवट का सुटतात? पैसा संपतो, गावाकडची शेती आणि दुसरी मुले वाऱ्यावर पडतात, मूल वरकरणी बरे दिसू लागते. आणि कधी कधी कोणीतरी सांगते की अमुक गावी एक जण तेल देतो, त्याच्या मालिशाने गाठ विरघळते, केमोची गरज नाही. आजच्या व्याख्यानाचा आधार घेऊन कोणी अशा दुकानदाराकडे वळले तर तो अनर्थ होईल. मालिश हे उपचारांच्या सोबतीला आहे, उपचारांच्या जागी नाही. बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलाचे औषध बंद करून त्याला तेलाच्या भरवशावर ठेवणे ही मुलाची हिंसाच होय. मग हेतू कितीही प्रेमळ असो. आयुर्वेदाच्या नावाने हे खपवणाऱ्यांना हेही ठाऊक नसते की वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग नित्य करावा असे सांगतानाच तो कोणी करू नये हेही सांगितले आहे. कफाने ग्रस्त असलेल्याने, शोधनकर्म झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने तो वर्ज्य करावा. परंपरेलाही मर्यादेचे भान होते.

दुसऱ्या टोकाची भीतीही तितकीच घातक आहे. कर्करोग संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने तो होत नाही. उलट औषधांमुळे मुलाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून बाहेरच्या जंतूंपासून त्यालाच जपावे लागते. हात धुवावयाचे ते त्याच्यासाठी. तरीही काही सुशिक्षित घरांत अशा मुलाचे भांडे वेगळे होते, चुलत भावंडांना त्याच्या जवळ बसू देत नाहीत, पाहुणे दारातून चौकशी करून जातात. मुलाला कारण कोणी सांगत नाही. ते स्वतःच काढते, आणि बहुधा हे काढते की आपणच काहीतरी वाईट केले आहे. हलक्या मालिशाने कर्करोग पसरतो ही समजूतही निराधार आहे. घरात सर्वांदेखत आई या मुलाच्या पायाला तेल लावत बसली आहे, हे दृश्य पाहिले की शब्दांवाचून पुष्कळ शंका मिटतात. धाकटे भावंडही मग येऊन दुसरा पाय घेते. आजारी मुलामागे आई मुंबईला गेल्यापासून घरी राहिलेल्या त्या भावंडालाही मायेचा उपास घडलेलाच असतो.

आपल्या परंपरेत आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची गणना आहे. वृद्ध, ग्लान, थकलेल्या साधूंची शरीरसेवा ही स्वाध्याय आणि ध्यान यांच्या पंक्तीला बसवली आहे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. उपवासासारखे बाह्य तप डोळ्यांना दिसते, त्याचा वरघोडाही निघतो. रात्री दोन वाजता मुलाचे पाय चेपणाऱ्या आईच्या तपाचे पारणे कोणी करत नाही. हा शब्द येथे योजला तो केवळ अलंकार म्हणून नव्हे. वैयावृत्त्यात सेवा करणाऱ्याचेही परिणाम निर्मळ होतात, असे मानले आहे, आणि वर सांगितलेल्या अभ्यासांत मुलाबरोबर आई-वडिलांचीही खिन्नता, घालमेल उतरलेली आढळली.

विशेषतः वडिलांची. परळच्या रुग्णालयाबाहेर पदपथावर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, २००६ पासून मुंबईत काम करणाऱ्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या निवाऱ्यांत बाहेरगावची कुटुंबे मुलांच्या उपचारांसाठी महिनोन्‌महिने राहतात. अशा वेळी आईला निदान भरवणे, पुसणे, कपडे बदलणे ही कामे तरी असतात. वडील कागदपत्रे, रांगा आणि पैशांची जुळवाजुळव यांत गुंततात आणि मुलापाशी आले की काय करावे हे त्यांना सुचत नाही. मग ते खेळणे आणतात किंवा खिडकीपाशी उभे राहतात. आपल्याकडे पुरुषाने मुलाच्या अंगाला तेल लावण्याची चाल नाही. परंतु पाय चेपून देणे हे कोणत्याही बापाला जमते. मूल रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे बापाच्या हाती पाय देऊन पडले, तर काही बोललेच पाहिजे असे दोघांवर बंधन राहत नाही, आणि असे बंधन नसले की मुले बोलू लागतात. "बाबा, माझं केव्हा संपणार हे?" हा प्रश्न समोरासमोर विचारण्यापेक्षा पायांकडून विचारणे मुलाला सोपे जाते.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वप्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, आणि एकदाच विचारून चालत नाही, कारण मुलाची अवस्था आठवड्यागणिक बदलते. रक्तातील प्लेटलेट निरोगी अवस्थेत साधारण दीड ते साडेचार लाख असतात; केमोनंतर त्या फार खाली येतात आणि तेव्हा थोड्याशा दाबानेही कातडीखाली रक्त साकळून काळेनिळे डाग पडतात. अशा दिवसांत चोळणे, रगडणे पूर्ण वर्ज्य. डॉक्टरांनी परवानगी दिली तर हात नुसता ठेवावा. गाठीच्या जागी कधीही हात दाबू नये. पोटातील गाठ असलेल्या मुलाच्या पोटाला मालिश नाही. हाडाचा कर्करोग असेल तर तो भाग नाजूक झालेला असतो, त्याला स्पर्शाचाही भार नको. रेडिएशन, ज्याला लोक शेक म्हणतात, ते चालू असलेल्या कातडीला विचारल्यावाचून तेल लावू नये. औषधासाठी बसवलेली नळी, छातीवरचा पोर्ट आणि त्याभोवतीची जागा सोडावी. ताप असेल, अंगावर पुरळ किंवा जखम असेल, एक पाय अचानक सुजला असेल, तर मालिश बाजूला ठेवून मुलाला डॉक्टरांना दाखवावे.

इतके सोडून उरते काय, असा प्रश्न पडेल. तळपाय, तळहात, पोटऱ्या, पाठ, कपाळ, आणि केस गेलेले डोके. पुष्कळ उरते. व्हिन्क्रिस्टिनमुळे तळपाय हुळहुळे झालेल्या मुलाला बोटांचा हलका स्पर्श उलट झोंबू शकतो. त्याला संपूर्ण तळव्याने पाऊल नुसते धरून ठेवलेले बरे वाटते काय हे विचारून पाहावे. डोक्यावरून हात फिरवताना मोठ्या मुली अवघडतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला अंग उघडे करावयास सांगूच नये. कपड्यावरून हात फिरवला तरी तो पोहोचतो.

हात धुवावेत, नखे कापावीत, बांगड्या-अंगठ्या उतरवून ठेवाव्यात. हात थंड असतील तर एकमेकांवर चोळून ऊब आणावी. तेल साधे, वासाचे नको. केमो चालू असलेल्या मुलाला सुगंधाने मळमळते, एरवी आवडणारा चमेलीचा वासही त्या दिवसांत नकोसा होतो. बाटली त्याची त्यालाच वेगळी असावी. दूरदर्शन बंद ठेवावा, मोबाईल तर निश्चित. सुई टोचण्याच्या खोलीत किंवा सुईच्या आधी "चल, मालिश करते" असे म्हणू नये, नाहीतर तेलाची बाटली पाहिली की मूल सुईची वाट पाहू लागेल. दाब लोण्याच्या गोळ्यावरून बोट फिरवावे इतकाच.

समाजाच्या संस्थांनी येथे काय करावे? मालिशवाले नेमून देणे हा या कामाचा मार्ग नव्हे. महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी परिचारिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला धर्मशाळेत बोलावून आई-वडिलांना हे दाखवून द्यावे, कोणत्या दिवशी हात लावू नये हे प्रथम शिकवावे, आणि धर्मशाळेतील एखादी खोली दोन सतरंज्या व एक पडदा एवढ्यावर सायंकाळी तासभर मोकळी ठेवावी. सामायिक दालनात वीस जणांदेखत आईला मुलाशी आई म्हणून वागता येत नाही. खर्च किरकोळ आहे, त्यामुळे कोनशिलेवर नाव कोरण्यासारखे यात काही नाही. ही या योजनेची अडचण ठरू नये.

काही मुले बरी होत नाहीत. डॉक्टर एके दिवशी आई-वडिलांना बाजूला नेऊन सांगतात की आता औषधाने लाभ होणार नाही, त्रास तेवढा कमी ठेवू. त्या दिवसापासून वॉर्डातील अनेक हात एकेक करून मागे होतात, सुया कमी होतात, नळ्या निघतात. वेदनाशामक औषध मात्र चालू राहिलेच पाहिजे, त्यात कसूर होऊ देऊ नये. आणि ज्या आईला पहिल्या दिवशी "हात लावू नका" असे सांगितले गेले होते, तिच्याकडे मूल आता पुन्हा सर्वस्वी परत आलेले असते. अशा वेळी ज्या घरात तेलाच्या वाटीची सवय आधीपासून होती, त्या घरात निदान हातांनी काय करावे हा प्रश्न उभा राहत नाही.

बऱ्या होणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक पथ्य शेवटपर्यंत पाळावे लागते. रुग्णालयात त्याला सुई हवी का, असे कोणी विचारत नाही. ते विचारण्याजोगे नसतेच. म्हणून मालिशाच्या बाबतीत तरी रोज विचारावे. "आज पाय चेपू का? की नुसती जवळ बसू?" मूल नको म्हणाले तर वाटी झाकून ठेवावी, रुसू नये, "मी एवढी आले आणि" असे म्हणू नये. मध्येच "पुरे" म्हणाले तर हात तत्क्षणी उचलावा. कित्येक महिन्यांनंतर आपल्या अंगाबाबत त्याचा शब्द मानला गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.